महेश्वरची राजगादी: अहिल्याबाईंचा वाडा पाहायला पहिल्यांदा जाताना

अहिल्याबाई होळकरांनी जवळजवळ तीस वर्षं ज्या घरातून राज्य चालवलं, ते घर महेश्वरच्या किल्ल्यात आजही उभं आहे. तिथे घाईने गेलं तर दहा मिनिटांत सगळं संपतं. नीट तयारीने गेलं तर तेवढ्याच ओसरीत दोन तास कमी पडतात. वस्तू मोजक्या आहेत, माहितीचे फलक हिंदीत आणि त्रोटक आहेत, आणि वाडा आपल्या गावाकडच्या एखाद्या जुन्या पाटलाच्या वाड्याइतका साधा आहे. तो साधेपणाच तिथे पाहायचा असतो. पण काय पाहतोय हे आधी ठाऊक नसेल तर तो नजरेतून निसटतो.

सुरुवातीलाच एक घोटाळा टाळा. मोबाइलच्या नकाशावर नुसतं ‘राजवाडा’ टाकलं की तो इंदूर शहराच्या मध्यावरचा सात मजली राजवाडा दाखवतो. तोही होळकरांचाच, समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळाही आहे, त्यामुळे ‘अहिल्याबाईंचं घर पाहिलं’ अशा समाधानात लोक तिथूनच परततात. पण ती इमारत बहुतांशी त्यांच्या नंतरच्या पिढ्यांची आहे, आणि १९८४ च्या दंगलीतल्या आगीनंतर तिचा मोठा भाग पुन्हा उभारावा लागला. अहिल्याबाई राहत होत्या तो वाडा इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तर तीरावर, मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात, महेश्वरात आहे. नकाशावर ‘अहिल्या किला, महेश्वर’ असं शोधा. गावात पोहोचल्यावर ‘राजगद्दी’ कुठे असं विचारलं की कोणीही वाट दाखवतं.

निघण्यापूर्वी एवढं वाचून जा

सगळं चरित्र पाठ करायची गरज नाही. पुढचा क्रम डोक्यात असला की वाड्यातली वंशावळ, चित्रं आणि खालच्या छत्र्या (म्हणजे मृतांची दगडी स्मारकं) आपोआप जुळत जातात.

जन्म ३१ मे १७२५, चौंडी, तालुका जामखेड. वडील माणकोजी शिंदे. १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी लग्न. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. पुढची बारा वर्षं त्यांनी सासऱ्यांच्या हाताखाली वसुली, रसद, तोफखान्याची तजवीज, पत्रव्यवहार असा सगळा कारभार शिकून घेतला. मे १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि वर्षाच्या आतच, १७६७ च्या वसंतात, मुलगा मालेरावही गेला. त्या वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी रघुनाथरावांना हाताशी धरून दौलत दत्तकाच्या नावाने आपल्या मुठीत आणायचा घाट घातला. अहिल्याबाईंनी तो हाणून पाडला आणि थोरल्या माधवराव पेशव्यांकडून आपल्या कारभाराला मान्यता मिळवली. फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार व खजिना स्वतःकडे, ही वाटणी त्या वेळी ठरली. राजधानी महेश्वरला आली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचं देहावसान महेश्वरातच झालं.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा: खासगी. होळकरांच्या घरात दौलतीचं उत्पन्न वेगळं आणि घरातल्या मुख्य स्त्रीचं खासगीचं उत्पन्न वेगळं असे. काशीविश्वनाथाचं देऊळ, सोमनाथचं त्या काळचं नवं मंदिर, गयेचं विष्णुपद, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा ही कामं या खासगीतून झाली. रयतेच्या महसुलाला हात न लावता. महेश्वरच्या त्या लहानशा वाड्यात उभं राहिल्यावर हा हिशेब आठवला की वाडा लहान का, याचं उत्तर मिळतं.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निमाडचा, म्हणजे महेश्वरच्या या भागाचा, उन्हाळा कडक असतो. एप्रिल-मे महिन्यात घाटाच्या दगडावर दुपारी पाय ठेववत नाही, आणि वाड्यात, देवळात, छत्रीत सगळीकडे अनवाणीच फिरायचं असतं. ३१ मे च्या जयंतीला जायची अनेकांची इच्छा असते, ती श्रद्धा म्हणून योग्यच आहे. पण त्या दिवशी वाडा निवांत पाहायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. पावसाळ्यात किल्ला सुंदर दिसतो, मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात नर्मदा चढते, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नावा बंद होतात. वरच्या बाजूला धरणं आहेत, तिथून पाणी सोडलं की इथे पाऊस नसतानाही पातळी वाढते. भोंगा वाजला किंवा घाटावरचे लोक वर या म्हणाले तर वाद न घालता वर यायचं.

अमावास्या, विशेषतः सोमवती, पौर्णिमा, संक्रांत, नर्मदा जयंती आणि महाशिवरात्र या दिवशी स्नानाला आसपासच्या गावांतून लोटच्या लोट येतात. शनिवार-रविवारी इंदूरकर सहलीला येतात. मंगळवार ते गुरुवारातला साधा दिवस सर्वांत चांगला. वेळा सणावाराप्रमाणे मागेपुढे होतात, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा.

कसं पोहोचावं

मुंबई-पुण्याकडून गाडीने येणार असाल तर इंदूरला जाण्याचं कारणच नाही. मुंबई-आग्रा महामार्ग धरा: धुळे, शिरपूर, मग बिजासन घाट चढून सेंधवा, ठिकरी, खलघाट आणि धामनोद. खलघाटला पुलावरून नर्मदा ओलांडली की लगेच पुढे धामनोद, आणि तिथून उजवीकडे साधारण १३ किलोमीटरवर महेश्वर. धुळे ते धामनोद १८० किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्याहून किंवा मुंबईहून एका दमात आलं तर जेवणखाण धरून दहा-बारा तास लागतात, म्हणून पहाटे निघा. बिजासन घाटात मालमोटारींची रांग लागते. तिथे अंधार पडायच्या आत पोहोचलेलं बरं.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी दोन स्टेशनं आहेत. मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्सप्रेस रात्री सुटून सकाळी इंदूरला पोहोचते, पुण्याहूनही इंदूरला थेट गाडी आहे. विदर्भ-खानदेशातून येणाऱ्यांना भुसावळ मार्गावरचं खंडवा सोयीचं. तिथून महेश्वर शंभर-एकशे दहा किलोमीटर पडतं. इंदूरहून महेश्वरला बसने दोन-अडीच तास लागतात. थेट बस मिळाली नाही तर धामनोदला उतरून दुसरी पकडा, तिथून वाहनांची ये-जा सतत असते.

इंदूरहून स्वतःची गाडी असेल तर जाताना महामार्गाने जा आणि परतताना मंडलेश्वर-जाम गेट-महू हा रस्ता घ्या. विंध्याच्या कड्यावर, निमाड संपून माळवा सुरू होतो त्या जागी, अहिल्याबाईंच्या काळातला १७९१ चा दगडी दरवाजा आहे. वाड्यानंतर तो पाहिला की त्यांच्या राज्याच्या वाटा कुठून कशा जात होत्या याचा अंदाज येतो. वळणं तीव्र आहेत आणि पावसाळ्यात धुकं असतं, तेव्हा हा रस्ता दिवसाच करा.

सर्वांत जास्त लोकांचा बेत बिघडतो तो एकाच कारणाने: इंदूरहून टॅक्सी करून एका दिवसात ओंकारेश्वर, महेश्वर आणि मांडू. कागदावर अंतरं जमतात. प्रत्यक्षात ओंकारेश्वरच्या रांगेत सकाळ जाते, महेश्वरला भर दुपारी अर्धा तास मिळतो आणि मांडू अंधारात येतं. महेश्वरला एक रात्र मुक्काम करा. संध्याकाळी पोहोचून घाट, दुसऱ्या दिवशी सकाळी वाडा, हा क्रम सर्वांत चांगला.

मुक्कामासाठी गावात धर्मशाळा, साधी लॉज आणि घाटाजवळची छोटी हॉटेलं आहेत. मध्य प्रदेश पर्यटनाचं निवासस्थानही आहे. किल्ल्याच्या एका भागात होळकर घराण्यातल्या वंशजांनी सुरू केलेलं वारसा-हॉटेल आहे. त्याचा दरवाजा राजगादीजवळच आहे, म्हणून लोक चुकून तिकडे वळतात आणि रखवालदाराशी हुज्जत घालतात. तो भाग फक्त पाहुण्यांसाठी आहे. संग्रहालय वेगळं आणि सर्वांना खुलं आहे.

सकाळचा क्रम

वाडा कसा पाहायचा याची उत्तम गुरुकिल्ली अहिल्याबाईंच्या दिनक्रमातच आहे. त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांत माळव्यात असलेल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या माणसांना विचारून तो नोंदवून ठेवला. सूर्योदयाच्या तासभर आधी उठणं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन आणि मग स्वतःचं शाकाहारी जेवण. थोडी विश्रांती घेऊन दुपारी दोनच्या सुमारास दरबारात. सहापर्यंत कामकाज. दोन-तीन तास पूजा आणि थोडा फराळ. रात्री नऊला पुन्हा काम, अकरापर्यंत. देवघर आणि दरबार एकाच आवारात का, त्यांच्यामध्ये चार पावलांचंच अंतर का, हे या दिनक्रमावरून कळतं. म्हणून आपणही सकाळ देवघरापासून सुरू करावी.

पहिलं काम म्हणजे लिंगार्चन. अहिल्याबाईंच्या वेळेपासून चालत आलेली ही पूजा वाड्याच्या आवारात रोज सकाळी, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान चालते. ब्राह्मण बसून मातीची बोटाच्या पेराएवढी पार्थिव शिवलिंगं हातानं करतात, लाकडी पाटांवर ओळीने मांडतात, हजारोंच्या संख्येने. पूजा झाली की ती नर्मदेत विसर्जित होतात. पूर्वी ब्राह्मणांची आणि लिंगांची संख्या कितीतरी जास्त असे, आता मोजकी मंडळी हे व्रत चालवतात. इथे पाळायच्या गोष्टी सोप्या आहेत. आठच्या आधी पोहोचा, चपला बाहेर काढा, भिंतीच्या कडेला बसा, पाटांच्या मधून चालू नका. मंत्र चालू असताना प्रश्न विचारू नका. पूजा संपल्यावर विचारलं तर मंडळी आपुलकीने सांगतात. उशिरा आलेल्यांना फक्त रिकामे पाट दिसतात, आणि महेश्वरात चुकवू नये अशी एखादीच गोष्ट सांगायची तर ती हीच आहे.

त्यानंतर देवघर. इथे अहिल्याबाईंच्या पूजेतले देव, अनेक प्रकारची शिवलिंगं आणि सोन्याचा झुला आहे. जागा अरुंद आणि बंदोबस्त कडक आहे. मोबाइल खिशातच ठेवा, फोटो काढायचा आग्रह धरू नका. डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागतं, म्हणून दारातून डोकावून लगेच मागे फिरू नका.

वाड्याच्या आत

आता राजगादी. दार ठेंगणं आहे, उंच माणसांनी डोकं सांभाळावं. आत मोकळा चौक, त्याच्या कडेने ओसरी, लाकडी खांब, वर कौलारू छप्पर. पुणे-साताऱ्याकडचे वाडे पाहिलेल्यांना घरी आल्यासारखंच वाटेल, आणि तेच महत्त्वाचं आहे. नर्मदेच्या काठी, निमाडात, दगडी किल्ल्याच्या पोटात मराठी पद्धतीचं घर बांधलं गेलं. चौकात मिनिटभर उभं राहून आधी खांबांकडे आणि तुळयांकडे पाहा. बाहेर आल्यावर खालच्या छत्र्यांमधलं राजस्थानी वळणाचं कोरीव काम पाहाल तेव्हा ‘राहायचं घर’ आणि ‘स्मारक’ यांच्यावर केलेल्या खर्चातला फरक स्वच्छ दिसेल. स्मारकं त्यांच्या मागून आलेल्यांनी बांधली. हे घर त्यांच्या पसंतीचं.

ओसरीवर गादी आहे: पांढरी बैठक, लोड, त्यावर अहिल्याबाईंची मूर्ती. उंच सिंहासन नाही, चौथऱ्याच्या पायऱ्या नाहीत. फिर्यादी बसत असे त्यापेक्षा ही बैठक फारशी वर नाही. अजून एक गोष्ट शोधा, जी तिथे नाही: जाळी किंवा पडदा. अहिल्याबाई पडद्याआड बसून कारभार करत नसत. समोरासमोर बसून ऐकत, हेही माल्कमने आवर्जून नोंदवलं आहे. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानात एका विधवेने दररोज चार तास उघड्या ओसरीवर बसून लोकांचे तंटे ऐकणं म्हणजे काय, ते गादीसमोर खाली जमिनीवर बसल्यावर जाणवतं. बसायला मनाई नसते, फक्त दोरीच्या आत जाऊ नका.

मूर्तीच्या हाताकडे पाहा. हातात शिवलिंग आहे. हे नुसतं भक्तीचं चिन्ह नाही. त्यांनी राज्य शंकराला अर्पण केलं होतं आणि राजाज्ञांवर स्वतःचं नाव न घालता ‘श्री शंकर’ अशी सही होत असे. दौलत देवाची, आपण कारभारी, असा तो अर्थ. पुढे होळकर राज्यात आज्ञेची ही रीत टिकून राहिली.

बाकी मांडणीत तलवारी, भाले, जुन्या बंदुका, पालखी, भांडी, चित्रं आणि होळकरांची वंशावळ आहे. चित्रांपैकी बरीचशी नंतरच्या काळात काढलेली आहेत. ती प्रसंग समजायला उपयोगी, पण ‘त्या अशाच दिसत’ म्हणून पाहू नका. शस्त्रांपुढे सगळ्यात जास्त गर्दी असते, वंशावळीपुढे कुणीच नसतं. तुम्ही उलटं करा. वंशावळीपुढे पाच मिनिटं काढा आणि मल्हारराव, खंडेराव, मालेराव या तीन नावांवरून बोट फिरवा. तेरा वर्षांत सासरे, नवरा आणि मुलगा तिघेही गेले. मग मुलगी मुक्ताबाई. तिचा मुलगा तरुणपणी गेला, १७९१ मध्ये नवरा यशवंतराव फणसे गेला आणि ती सती गेली. आईने विनवूनही ती थांबली नाही. हे सगळं सोसत ही बाई दुपारी दोनला ओसरीवर येऊन बसत होती. मुलांना घेऊन गेलात तर इथे त्यांना तलवारीची नव्हे, ही गोष्ट सांगा.

कवींचीही आठवण या आवारात काढायला हवी. मोरोपंतांनी अहिल्याबाईंवर आर्या रचल्या. शाहीर अनंत फंदींनी तमाशाचा फड सोडून कीर्तन धरलं ते अहिल्याबाईंच्या शब्दाखातर, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. महेश्वर हे त्या काळात मराठी विद्येचं आणि आश्रयाचं ठिकाण होतं, ही गोष्ट तिथल्या फलकांवर पुरेशी येत नाही, म्हणून इथे सांगितली.

मार्गदर्शक घ्यावा का? किल्ल्याच्या दारात स्थानिक मंडळी भेटतात. घेतलात तर पैसे आधी ठरवा आणि तीन ठिकाणं नावाने सांगा: राजगादी, देवघर, छत्र्या. नाहीतर अर्धा वेळ साडीच्या दुकानात जातो.

मागाकडे

वाड्यातून बाहेर पडलं की किल्ल्यातच हातमागाचा आवाज येतो. महेश्वरी साडीची विणकामाची परंपरा अहिल्याबाईंनी वसवलेल्या विणकरांपासून सांगितली जाते. विसाव्या शतकात ती जवळजवळ विझली होती. १९७९ मध्ये रेहवा सोसायटी सुरू झाली आणि गावातल्या, विशेषतः बायकांच्या हातात माग पुन्हा आले. रेहवा हे नर्मदेचंच नाव आहे. इथे माग चालू असताना पाहता येतात. मात्र ही काम करण्याची जागा आहे, तेव्हा विणणाऱ्या बाईंना विचारल्याशिवाय कॅमेरा तोंडासमोर धरू नका आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, हात लावू नका. एक धागा तुटला तर तो शोधून जोडण्यात त्यांचा वेळ जातो.

साडी घ्यायची असेल तर ओळख अशी. खऱ्या महेश्वरीत बहुतेक वेळा ताणा रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा असतो, म्हणून ती हलकी असूनही तिला चमक असते. अंगभर साधी, चौकटीची किंवा पट्ट्यांची. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा, त्याला बुगडी म्हणतात. पदरावर रंगीत आणि पांढरे मिळून पाच पट्टे. काठावरच्या चटई, वीट, हिरा, लहर या नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरूनच उचललेल्या आहेत. त्यामुळे आधी छत्र्या पाहून मग साडी घेतली तर दुकानात जास्त मजा येते.

फसगत होते ती यंत्रमागाच्या मालात. तीन गोष्टी तपासा. काठ उलटा करून पाहा: मागे धाग्यांचे सुटे तुकडे लोंबत असतील तर तो बुगडी काठ नाही. साडीच्या दोन्ही कडांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं ओळीने दिसतात का पाहा. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीची ती खूण असते. आणि हातमागाची शासकीय खूण मागा. ‘महेश्वरी प्रिंट’ म्हणून विकली जाते ती वस्तू वेगळी, वाईट नव्हे, पण तिला हातमागाचे पैसे देऊ नका. नऊवारी हवी असेल तर ती तयार मिळेलच असं नाही. आधी सांगून विणून घ्यावी लागते. घरी पहिली धुलाई थंड पाण्यात, एकटीच, आणि सावलीत वाळवायची. गडद रंग पहिल्या पाण्यात थोडा सुटतो.

खाली उतरताना

राजगादीपासून घाटाकडे जाणारी पायऱ्यांची वाट एका मोठ्या दरवाजातून उतरते आणि दोन छत्र्यांच्या आवारात येते. पायऱ्या उंच आणि गुळगुळीत आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी इथून न उतरता रिक्षाने गावाच्या बाजूच्या रस्त्याने घाटावर यावं, आणि बाकीच्यांनी त्यांना तिथे भेटावं.

मोठं देऊळ म्हणजे अहिल्येश्वर, अहिल्याबाईंची छत्री. यशवंतराव होळकरांनी काम सुरू केलं, त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंच्या काळात ते पुरं झालं. गाभाऱ्यात शिवलिंग आणि मागे अहिल्याबाईंची मूर्ती आहे. समोरची लहान छत्री विठोजीराव होळकरांची. पुणेकरांनी इथे थांबायलाच हवं. हे यशवंतरावांचे भाऊ. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने त्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, आणि पुढच्या वर्षी यशवंतराव पुण्यावर चालून आले. छत्रीच्या जोत्यावर ओळीने हत्ती कोरले आहेत. शनिवारवाड्यापाशी सुरू झालेल्या त्या हकिगतीचं दुसरं टोक इथे आहे.

किल्ल्यातच वर राजराजेश्वराचं देऊळ आहे, तिथे तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवत असतात. भाविक तिथे तूप देतात. वेळ असेल तर जाता-येता दर्शन घ्या.

घाटावर बसायला संध्याकाळ चांगली. अहिल्या घाट, पेशवा घाट, फणसे घाट अशी नावं वाचत पूर्व-पश्चिम चालत जा. पायऱ्यांवर जागोजागी शिवलिंगं आहेत, त्यांवर पाय पडणार नाही किंवा पिशवी ठेवली जाणार नाही याकडे लक्ष द्या. नदीच्या मधोमध बाणेश्वराचं लहान देऊळ आहे, तिथे नावेने जाता येतं. पूर्ण नावेचे पैसे ठरवून घ्या, माणशी नव्हे, आणि जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसू नका. किल्ल्याचा संपूर्ण दर्शनी भाग एका नजरेत मावतो तो फक्त नावेतून, म्हणून उन्हं कलताना जा. नर्मदा परिक्रमेत असाल तर मात्र नावेत बसू नका. परिक्रमावासीने मैयाचं पात्र ओलांडायचं नसतं. नावाडी स्वतःच तसं सांगतात.

सहस्रधारेचं नाव ऐकून लोक तिकडे आंघोळीला जातात. गावापासून काही किलोमीटर खाली नदी खडकांतून असंख्य धारांनी फुटते, दिसायला विलक्षण आहे. पण खडकावर शेवाळ आहे, मधल्या घळी खोल आहेत आणि ओढ फार आहे. काठावरून पाहा, पाण्यात उतरू नका. स्नान करायचं तर गावच्या घाटावर, साखळी किंवा कठड्याच्या आत.

इतिहासाची खोलवर आवड असणाऱ्यांनी घाटावरून पलीकडच्या तीरावर नजर टाकावी. ते नावडाटोली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात महेश्वर-नावडाटोलीत उत्खनन करून ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आणली. अहिल्याबाईंनी राजधानीसाठी निवडलेली जागा माणसांनी हजारो वर्षांपूर्वीच निवडलेली होती.

पिशवीत काय असावं

पाण्याची बाटली, टोपी, सुटे पैसे आणि जाड मोजे. अनवाणी फिरताना तापलेल्या दगडावर मोज्यांचा फार उपयोग होतो. खांदे आणि गुडघे झाकले जातील असे कपडे. छोटी टॉर्च देवघराबाहेरच्या अंधाऱ्या वळणांवर कामी येते. मोठी बॅग मुक्कामावरच ठेवा. ठेंगण्या दारातून आणि अरुंद ओसरीतून ती अडते. किल्ल्यातली माकडं हातातली खाण्याची पिशवी ओढतात, तेव्हा प्रसाद आत ठेवा.

खाण्याची चिंता नको. सकाळी शेव घातलेले पोहे आणि जिलबी, दुपारी दाल-बाफले किंवा ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. जिल्ह्याच्या नावानेच मिरची ओळखली जाते, तेव्हा तिखटाचं आधी विचारा. उपवासवाल्यांना साबुदाण्याची खिचडी घाटाजवळ सहज मिळते.

वाडा पाहून झाल्यावर जन्मगावाची ओढ लागली तर चौंडी महाराष्ट्रातच आहे, आता अहिल्यानगर नाव झालेल्या जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. तिथे माणकोजी शिंद्यांची गढी आणि सीना नदीकाठचं देऊळ आहे. अहिल्यानगर शहरातून किंवा जामखेडहून अर्ध्या दिवसात ते होतं. महेश्वरच्या प्रवासाला ते जोडू नका, वाट पूर्णपणे वेगळी आहे. जयंतीच्या आसपास तिथे रस्ते बंद असतात, वाहनं दूर उभी करून चालावं लागतं. इतर दिवशी गढी जवळजवळ रिकामी असते.